अंगठा माझा, नकार कुणाचा?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

काल रात्री जेवणं झाल्यावर आपण अंगणात बसलो होतो, तेव्हा एकीने मला विचारलं, "ताई, उद्या तुम्ही मशीन आणि कॉम्प्युटरवर बोलणार म्हणे. त्यात आपलं काय काम?" तिचं चुकलं नाही. मीही बरीच वर्षं असंच म्हणत होते. आपले विषय ठरलेले होते. मारहाण, पोटगी, दारू, मजुरी, पाणी. मशीन हा शिकलेल्या पुरुषांचा विषय, असं मनात कुठेतरी पक्कं बसलं होतं. मग एके दिवशी मशीनच आपल्या दारात आलं, आणि रेशनच्या दुकानात काट्याशेजारी जाऊन बसलं.

मी विडी कामगार बायांच्या वस्तीत काम करते. आमच्या गटातल्या एक मावशी साठी उलटलेल्या आहेत. चाळीसएक वर्षं विड्या वळल्या. ओलं पान कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं, आणि असं दिवसाला शेकडो वेळा. हे सगळं काम अंगठ्यावर आणि शेजारच्या दोन बोटांवर चालतं. त्यांच्या अंगठ्यावरून हात फिरवला तर तो घासलेल्या पाट्यासारखा गुळगुळीत लागतो.

एका महिन्यात त्या रेशनला गेल्या. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. दुकानदार म्हणाला, "मावशी, हात धुऊन या." धुऊन आल्या. पुन्हा लाल. पदराला घासला, केसांच्या तेलाचं बोट लावून पाहिलं, डावा अंगठा लावला, मग एकेक करून सगळी बोटं. मागे रांग कुरकुरायला लागली. शेवटी दुकानदार म्हणाला, "तुमचा अंगठाच येत नाही. उद्या या." उद्या गेल्या, परवा गेल्या. तीन दिवसांची मजुरी बुडाली. चौथ्या दिवशी माझ्याकडे आल्या, समोर हात पसरला आणि म्हणाल्या, "बाई, माझं बोट खराब झालंय."

हे वाक्य मला झोंबलं. मशीन बिघडलंय असं त्या म्हणाल्या नाहीत. नवऱ्याने मारलं की "माझंच काहीतरी चुकलं असेल" म्हणणाऱ्या किती बायांना आपण आजवर समजावत आलो. इथे तोच दोष नव्या वाटेने परत बाईच्या अंगावर आला होता. आणि आणखी एक गोष्ट मनात आली. याच मावशी नव्वदच्या दशकात साक्षरता वर्गात सही करायला शिकल्या होत्या. अंगठेबहाद्दर म्हणवून घ्यायचं नाही म्हणून रात्री कंदिलाशी बसून पाटी गिरवली होती. त्यांना आता पुन्हा अंगठ्यावर आणून सोडलं होतं, आणि तो अंगठाही चालत नव्हता.

तेव्हा मी ठरवलं, हे समजून घ्यायचं. मी काही इंजिनीअर नाही. कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीला सोबत बसवलं आणि वहीत रेघा ओढून तिच्याकडून शिकून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगते.

मावशींनी अंगठा ठेवला की मशीनची काच त्याची प्रतिमा घेते. काच मळलेली, चरे पडलेली असली की तिथेच गडबड. मग मशीन आपल्या सिमकार्डावरून नेटवर्क शोधतं. ते मिळालं तर मजकूर राज्याच्या रेशनच्या सर्व्हरकडे जातो, तिथून पुढे मधल्या यंत्रणेमार्फत आधार प्राधिकरणाच्या मध्यवर्ती भांडारात. ही भांडारं बंगळुरू आणि मानेसरला आहेत. तिथे मावशींच्या क्रमांकाखाली, नोंदणीच्या दिवशी घेतलेला ठसा ठेवलेला असतो. आजचा ठसा त्याच्याशी ताडून पाहतात आणि उत्तर उलट पाठवतात. उत्तर एकाच शब्दाचं असतं, हो किंवा नाही.

आता या साखळीत किती कड्या झाल्या ते मोजा. काच, नेटवर्क, राज्याचा सर्व्हर, मधली यंत्रणा, मध्यवर्ती भांडार. समजा, यातली प्रत्येक कडी शंभरातून अठ्ठ्याण्णव वेळा नीट चालते. ऐकायला केवढं चांगलं वाटतं! पण पाचही कड्या एकाच वेळी नीट चालायला हव्यात. हिशेब केला तर शंभरातून नव्वदच वेळा काम होतं. कुणीही फार वाईट काम केलेलं नाही, तरी दहा बाया रिकाम्या पिशव्या घेऊन घरी जातात. आणि या दहा जणींत अंगठे झिजलेल्या अजून धरलेल्याच नाहीत.

झिजलेल्या अंगठ्यांची गोष्ट वेगळी आहे. दोन ठसे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. किती जुळले म्हणजे 'हो' म्हणायचं याची एक रेघ आखावी लागते. पीठ चाळायची चाळण डोळ्यांसमोर आणा. भोकं मोठी केली तर कोंडा खाली जातो, म्हणजे दुसऱ्याच कुणाचा अंगठा खपून जातो. भोकं बारीक केली तर चांगलं पीठही वर अडकतं, म्हणजे खऱ्या बाईला नाही म्हटलं जातं. दोन्ही चुका शून्य होतील अशी चाळण अजून कुणी बनवलेली नाही. हा या तंत्रातला न सुटलेला प्रश्न आहे आणि तो जगभरचा आहे. मग भोक केवढं ठेवायचं, हा निर्णय माणसांनी घेतलेला असतो. त्या बैठकीत विड्या वळणारी, भांडी घासणारी, ऊस तोडणारी, वीटभट्टीवर राबणारी एकही बाई नव्हती, हे सांगायला ज्योतिषी नको.

कुणी म्हणेल, तुमच्या वस्तीतली ही एखादी घटना. तसं नाही. केंद्र सरकारच्याच 2016-17 च्या आर्थिक पाहणी अहवालात पडताळणी अयशस्वी होण्याचं प्रमाण झारखंडात 49 टक्के आणि राजस्थानात 37 टक्के असल्याचे अंदाज नोंदलेले आहेत. मार्च 2018 मध्ये आधार प्राधिकरणाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की सरकारी सेवांमध्ये पडताळणी 88 टक्के यशस्वी होते. म्हणजे 12 टक्के वेळा होत नाही. सप्टेंबर 2017 मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात 11 वर्षांची एक मुलगी वारली. घरचे म्हणाले भुकेने गेली, सरकार म्हणालं मलेरियाने. पण आधारशी जोडलेलं नाही म्हणून त्या घराचं रेशनकार्ड आधीच रद्द झालेलं होतं.

महाराष्ट्राचा तर याच्याशी पहिल्या दिवसापासून संबंध आहे. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका आदिवासी बाईला दिला गेला. योजना कुणाच्या नावाने सुरू झाली ते यावरून दिसतं. गरीब बाईच्या नावाने.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडते. मशीन नकोच, असं मी म्हणत नाही. रेशनच्या काळ्या बाजाराविरुद्ध आपणच लढलो. 1972 मध्ये मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या महागाईविरुद्ध. खोटी कार्डं आणि गायब होणारी पोती आपण पाहिलेली आहेत. मशीनमुळे हातात छापील पावती येते. ऊसतोडीला बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे गेलेल्या बाईला तिथल्या दुकानात धान्य घेता येतं, तेही या यंत्रणेमुळेच. हे फायदे खरे आहेत.

पण यातली मेख पाहा. कोण आलं, एवढंच मशीन ओळखतं. पिशवीत किती पडलं, हे अंगठा लावून कळत नाही. वीस किलोची पावती फाडून अठरा किलो घातले, तर ती चोरी अंगठ्याने पकडली जात नाही. तिथे काटा तपासावा लागतो, दक्षता समिती जागी असावी लागते. चोरी दुकानदाराच्या काट्यावर आणि गोदामाच्या वाटेवर होत होती, आणि तपासणी बाईच्या बोटाची सुरू झाली.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. त्यात एक कलम आपल्या चळवळीला मोलाचं वाटलं होतं. घरातली 18 वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही कुटुंबप्रमुख, कार्ड तिच्या नावाने. प्राधान्य कुटुंबातल्या माणशी 5 किलो धान्याचा हक्क याच कायद्याने दिला. 1 जानेवारी 2023 पासून केंद्राने हे धान्य मोफत केलं. कागदावर बाई प्रमुख झाली. पण अंगठा लागला नाही की हेलपाटे घालणारीही तीच, आणि तिचा अंगठा चालत नाही म्हणून शाळा बुडवून रांगेत उभी राहणारी तिची मुलगी. घरातल्या पुरुषाची हजेरी बुडत नाही. यंत्रणेतल्या सगळ्या बिघाडांची भरपाई बाईच्या वेळातून होते. या वेळाची मजुरी कुठल्याच हिशेबात धरलेली नाही.

"अंगठा नाही चालत तर ओटीपी घ्या," असं सांगतात. ओटीपी येतो मोबाइलवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 21 मध्ये, स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बाया देशात सुमारे 54 टक्के होत्या. उरलेल्या जणींचा ओटीपी नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात.

हा खिसा किती महाग पडतो ते 2025 मध्ये आपण पाहिलं. लाडकी बहीण योजनेचे महिना 1500 रुपये चालू राहण्यासाठी सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. बाईने आपला आधार क्रमांक घालायचा, आणि शिवाय नवऱ्याचा किंवा वडिलांचाही. त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी त्यांच्याकडून मागून घ्यायचा. नवरा वारला, वडील वारले, अशी बाई काय करणार? काडीमोड झालेली काय करणार? ओरड झाली, मुदत वाढली, आणि अशा बायांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत अशी वाट काढली गेली. पण टाकलेल्या बाईचं काय? तिचा नवरा जिवंत आहे, दुसरीबरोबर संसार करतो आहे, फोन उचलत नाही. तिच्याकडे मृत्यूचा दाखला नाही आणि घटस्फोटाचा कागदही नाही. परित्यक्तांना स्वतंत्र रेशनकार्ड द्या, यासाठी आपण मोर्चे काढले, उपोषणं केली. बाईला स्वतःची ओळख असते, ती कुणाची बायको म्हणून नाही, हे सरकारला पटवण्यात वर्षं गेली. आणि संगणकाच्या पडद्यावर एक चौकोन असा आला की तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यात लिहिलेलं होतं: पती किंवा वडील. तो चौकोन काही आपोआप उगवला नव्हता. कुणीतरी बसून तो आखला होता. पूर्वी असा प्रश्न विचारणाऱ्या कारकुनाशी आपण वाद घालू शकत होतो. चौकोनाशी वाद कसा घालणार?

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. मावशींचा अंगठा लागला नाही त्यानंतर आम्ही बायांनी एक वही केली. महिन्याचे पहिले काही दिवस आळीपाळीने दुकानाबाहेर बसायचं आणि लिहायचं: तारीख, वेळ, कुणाचा अंगठा लागला नाही, मशीनवर काय दिसलं, किती वेळा प्रयत्न केला, धान्य मिळालं की नाही. तीन महिन्यांत वहीने बरंच शिकवलं. सकाळी जिचा अंगठा आला नाही तिचा संध्याकाळी आला. म्हणजे दोष बोटाचा नव्हता. काही दिवशी तर तासन् तास कुणाचाच आला नाही, कॉलेजात शिकणाऱ्या पोरींचाही नाही. त्या दिवशी सर्व्हर बंद होता. पण दुकानात प्रत्येकीला वेगवेगळं सांगितलं गेलं, "तुमचं बोट येत नाही." वही उघडून दाखवली तेव्हा बाया खो खो हसल्या. सगळ्या वस्तीची बोटं एकाच सकाळी कशी खराब होतील?

आम्ही वही घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी आमच्यासमोर कॉम्प्युटर उघडला आणि म्हणाले, "आमच्याकडे असं काही दिसत नाही. या कार्डावर धान्याची उचल झाली नाही, एवढंच दिसतं." मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या पडद्यावर तेवढंच होतं. पण मैत्रिणींनो, लक्षात घ्या काय झालं ते. मावशी चार वेळा दुकानात गेल्या, बोटं घासून घासून लाल केली. त्या अधिकाऱ्याच्या पडद्यापर्यंत यातलं पोचलं काय? तर या बाईने धान्य उचललं नाही. जणू तिला गरजच नव्हती!

आणि गोष्ट इथेच थांबत नाही. जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या आदेशात दुरुस्ती केली. सहा महिने ज्या कार्डावर उचल नाही ते तात्पुरतं बंद करायचं आणि मग तीन महिन्यांत घरी जाऊन, ई-केवायसी करून पात्रता तपासायची. अशा कार्डांना इंग्रजीत नाव आहे 'सायलेंट'. गप्प कार्ड. खोटी कार्डं शोधायला हे हवं, असं सरकारचं म्हणणं. पण रांगेत उभं राहून घसा कोरडा केलेली बाईसुद्धा याच गप्प लोकांच्या यादीत जाऊन बसू शकते. आधी यंत्रणेने नाही म्हणायचं, मग ते नाही बाईच्या नावावर लिहायचं, आणि मग त्याच नोंदीवर तिचं कार्ड बंद करायचं.

म्हणून मी म्हणते, न सुटलेला खरा प्रश्न अंगठ्याचा नाही. काच सुधारेल, नेटवर्क सुधारेल, अंगठ्याऐवजी डोळा येईल, चेहरा येईल. चेहरा तर आलाच आहे. अंगणवाडीतला घरी न्यायचा आहार देताना 1 जुलै 2025 पासून चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. साधन बदलेल, पण चूक थोडीफार राहणारच. प्रश्न असा आहे की यंत्राने नाही म्हटलं तर ते कुणाचं नाही, हे कुठेच लिहिलं जात नाही. दुकानदार म्हणतो मशीन, मशीनवाला म्हणतो नेटवर्क, तालुका म्हणतो जिल्हा, जिल्हा म्हणतो दिल्ली. पूर्वी नकार देणाऱ्या माणसाला नाव होतं. त्याच्या टेबलाला घेराव घालता येत होता. आता नकाराला नाव नाही, म्हणून जी समोर उभी असते तिच्यावरच तो चिकटतो.

2018 च्या 26 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी आधारचा निकाल दिला. चौघांनी कल्याणकारी योजनांसाठी आधार वैध ठरवलं. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळा निकाल लिहिला. माणसाचा सन्मान आणि हक्क यंत्राच्या गणितावर आणि शक्याशक्यतेवर टांगून ठेवता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता. पण बहुमताचा निकालही पडताळणी फसली म्हणून खऱ्या हक्कदाराला वगळा, असं म्हणत नाही. त्याआधी 24 ऑक्टोबर 2017 रोजी खुद्द आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढलं होतं, की पडताळणी झाली नाही म्हणून लाभ नाकारू नका, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून द्या आणि अपवाद नोंदवहीत नोंद करा. म्हणजे वाट कागदावर आहे. आपल्या वस्तीतल्या दुकानात ही नोंदवही आहे का, हे आपण कधी विचारलं? आम्हीही विचारलं नव्हतं.

आपल्याला जमत नाही, हा विषय आपला नाही, असं म्हणणाऱ्यांना मी एक आठवण करून देते. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन जुनाट, तापायचे, बंद पडायचे, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेला, आणि माहिती भरायचं ॲप इंग्रजीत. त्या म्हणाल्या नाहीत की "आम्हाला मोबाइल येत नाही." त्या म्हणाल्या, "तुमचा मोबाइल काम करत नाही." हजारो बायांनी हे एका आवाजात म्हटलं. "माझं बोट खराब आहे" पासून "तुमचं यंत्र खराब आहे" इथवरचा प्रवास त्यांनी आधीच करून दाखवला आहे.

आपल्यासमोर मी चार मागण्या ठेवते. चर्चा करा, दुरुस्त करा.

एक, नकार लेखी हवा. अंगठा लागला नाही तर त्या प्रयत्नाची तारीख-वेळेसह पावती बाईच्या हातात पडली पाहिजे. दोन, त्याच दिवशी धान्य. ओळख पटवायला दुसरा कागद आणि नोंदवही वापरा, पण रिकाम्या हाताने परत पाठवू नका. तीन, फसलेल्या प्रयत्नांचे आकडे दुकानवार दर महिन्याला फळ्यावर लागले पाहिजेत, आणि असे प्रयत्न झालेलं कार्ड 'उचल नाही' म्हणून बंद होता कामा नये. चार, कुठलाही नवा अर्ज, नवं ॲप आणण्याआधी एकट्या, टाकलेल्या, म्हाताऱ्या आणि मोबाइल नसलेल्या बायांकडून ते भरून बघा. त्यांना जमलं तरच पुढे जा.

आणि सरकार करेल तेव्हा करेल, वही आपण आजपासून करू शकतो. दहा रुपयांची वही लागते. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. आमच्या दुकानदाराने तर स्वतःच वहीची प्रत मागून घेतली. बायांच्या शिव्या खाऊन तोही कंटाळला होता, आणि सर्व्हर बंद असल्याचा पुरावा त्यालाही हवा होता.

मावशींचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. सगळं सुरळीत झालं असं खोटं सांगणार नाही. एका महिन्यात अंगठा येतो, एका महिन्यात येत नाही. पण गेल्या खेपेला लाल दिवा लागला तेव्हा त्या हात धुवायला गेल्या नाहीत. काट्याशीच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा अंगठा आहे तसाच आहे. तुमच्या मशीनने नाही म्हटलं, ते वहीत लिहा आणि मला द्या. सही मी करते." दुकानदाराने नोंदवही काढली. मावशींनी सावकाश, एकेक अक्षर गिरवत सही केली आणि धान्य घेऊन घरी आल्या.

पुढच्या शिबिराला येताना प्रत्येक गटाने आपापली वही घेऊन या. सगळ्या शेजारी शेजारी ठेवून वाचू.